आई-वडिलांच्या मदतीशिवाय दुसरी पदवी: पैशांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिली पदवी घरच्यांच्या पैशावर झाली, दुसरी स्वतःच्या बळावर करायची आहे, अशा मुलामुलींचे प्रश्न वर्षभर येत असतात. कोणी बीकॉम करून वकिलीकडे वळतंय, कोणाला इंजिनिअरिंगनंतर शिक्षक व्हायचंय. घरून "एकदा शिकवलं, आता कमव" असं उत्तर मिळालेलं असतं, तर काहींचं घराशी बोलणंच उरलेलं नसतं.

या सगळ्यांपुढे दोन अडचणी असतात, एक पैशाची आणि दुसरी कागदांची. पैसा आई-वडील देत नाहीत, पण उत्पन्नाचा दाखला, कर्जावरची सही, कपाटातल्या मूळ गुणपत्रिका हे सगळं त्यांच्याभोवतीच फिरतं. त्यांचा कागद कुठे लागतोच आणि कुठे मुळीच लागत नाही, हे एकदा कळलं की निम्मी धास्ती जाते. उत्तरं महाराष्ट्रात शिकणाऱ्यांना धरून लिहिली आहेत.

१. माझी एक पदवी झाली आहे. दुसरी घ्यायला नियमाने काही आडकाठी आहे का?

नाही. पदवीधराला पुन्हा पदवीला प्रवेश घेता येतो. प्रवेशाच्या वेळी टीसी, मायग्रेशन आणि मधल्या वर्षांचं गॅप प्रतिज्ञापत्र मागतात, यापैकी कशावरही पालकांची सही लागत नाही.

पैशाच्या दृष्टीने मात्र तुमची दुसरी पदवी कोणत्या प्रकारची आहे याला फार महत्त्व आहे. बीए झाल्यावर बीकॉम केलं तर ते त्याच पातळीचं शिक्षण. तीन वर्षांचं एलएलबी किंवा बीएड पदवीनंतरच करता येतं. एमए, एमबीए ही त्यापुढची पायरी. शिष्यवृत्ती आणि व्याज सवलतीचे नियम या तिन्हींना वेगवेगळे लागतात (प्रश्न ६ आणि १४ पाहा). अर्ज भरण्याआधी आपण कुठे बसतो ते ठरवून घ्या.

२. एकूण खर्च किती येईल, हे कसं मोजायचं?

बहुतेक जण फक्त फी मोजतात आणि तिथेच गणित चुकतं. फीबरोबर राहणं, मेस, प्रवास, परीक्षा शुल्क, पुस्तकं, डिपॉझिट हे धरा. नोकरी सोडणार असाल तर बुडणारा पगारही खर्चातच मोजा. महिन्याला १८ हजार मिळत असतील आणि दोन वर्षं पूर्णवेळ शिकणार असाल, तर ४ लाख ३२ हजार रुपये तिथेच गेले. अनुदानित कॉलेजातली फी या आकड्यापुढे किरकोळ ठरते. "फी परवडते, मग काय प्रश्न आहे?" असं विचारणाऱ्यांना माझं पहिलं उत्तर हेच असतं.

दुसऱ्या बाजूने, अभ्यासक्रमाची वर्षं वाचवता येतात का तेही बघा. बीएस्सी झालेल्याला, बारावीला गणित असेल तर, अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. एक वर्ष कमी म्हणजे एका वर्षाची फी, खोलीभाडं आणि बुडणारा पगार, तिन्ही वाचले.

३. कमी फीचं कॉलेज कसं शोधायचं?

आधी शासकीय आणि अनुदानित कॉलेजं, मग विद्यापीठाचे स्वतःचे विभाग, त्यानंतर विनाअनुदानित, आणि सगळ्यात शेवटी खासगी व अभिमत विद्यापीठं. एकाच अभ्यासक्रमाच्या फीमध्ये या क्रमाने प्रचंड फरक पडतो. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ सालचं, आणि तिथली फी आजही बहुतेक खासगी लॉ कॉलेजांच्या फीच्या जवळपासही जात नाही. अर्थात तिथे शिरायचं तर सीईटीत गुण हवेत. म्हणून मी म्हणतो की आई-वडिलांचा आधार नसलेल्या विद्यार्थ्याने सीईटीच्या अभ्यासाला दिलेले चार महिने हीच त्याची सगळ्यात मोठी शिष्यवृत्ती. पार्टटाइम नोकरी करून तेवढे पैसे चार महिन्यांत जमणार नाहीत.

विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी महाराष्ट्रात शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. २०१५ च्या कायद्याने ही व्यवस्था झाली. कॉलेज त्याहून जास्त मागत असेल तर पावती मागा आणि प्राधिकरणाकडे तक्रार करा. देणगीच्या नावाखाली पैसे घेणं १९८७ पासून राज्यात कायद्याने बंद आहे. "मॅनेजमेंट कोट्यातून करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. तुमच्यामागे पैसे भरून काढणारं कोणी नाही, हे त्यालाही माहीत असतं.

४. नोकरी सोडून शिकू, की नोकरी करत शिकू?

हे अभ्यासक्रमावर अवलंबून आहे. बीएडला वर्गात ८० टक्के आणि शाळेतल्या छात्रसेवाकाळात ९० टक्के हजेरी लागते, म्हणजे पूर्णवेळ नोकरी जवळजवळ अशक्य. सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी मुक्त विद्यापीठाचं बीएड वेगळं आहे. कायद्याच्या पदवीला ७० टक्के हजेरी हवी. मुंबई-पुण्यात काही लॉ कॉलेजांचे वर्ग सकाळी भरतात आणि पुष्कळ जण दुपारी कामावर जातात. तसं करणार असाल तर बार कौन्सिलच्या सध्याच्या अटी कॉलेजात विचारून घ्या आणि मालकाचं ना-हरकत पत्र घेऊन ठेवा. नोकरी लपवून हजेरी लावण्याच्या भानगडीत पडू नका, वकिलीची सनद घेताना हेच पुढे येतं.

"आधी एक वर्ष कमवू का?" असंही खूप जण विचारतात. पहिल्या वर्षाची पूर्ण फी आणि सहा महिन्यांचा राहण्या-खाण्याचा खर्च गाठीशी नसेल, तर माझं उत्तर "हो" असतं. कर्ज मंजूर झालं तरी पहिला हप्ता कॉलेजच्या खात्यात जायला वेळ लागतो, शिष्यवृत्ती तर वर्ष संपल्यावरही येते. कॉलेज मात्र फी प्रवेशाच्या दिवशी मागतं.

५. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते का? फी किती असते?

चालते. अभ्यासक्रमाला यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरशिक्षण विभागाची मान्यता असेल तर ती पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते. स्पर्धा परीक्षा आणि पुढच्या शिक्षणासाठीही ती ग्राह्य असते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) आणि दिल्लीचं इग्नू (१९८५) यांच्या साध्या पदव्यांची फी वर्षाला काही हजारांत असते. पगारातून सहज भरता येते, कर्जाचा विचारही करावा लागत नाही.

मर्यादा अशी की अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फिजिओथेरपी, वास्तुशास्त्र, कायदा या पदव्या दूरशिक्षणाने मिळत नाहीत. "घरबसल्या एलएलबी" अशी जाहिरात दिसली तर पुढे वाचूही नका.

यूजीसीने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली आहे: एक नियमित आणि दुसरी दूरस्थ किंवा ऑनलाइन, किंवा दोन्ही नियमित, पण वर्गांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. ज्यांची पहिली पदवी अजून चालू आहे आणि घरचा आधार पुढे राहणार नाही असं दिसतंय, त्यांनी हा मार्ग जरूर पाहावा. व्यावसायिक परिषदांचे स्वतःचे नियम याच्या वर असतात, हे लक्षात असू द्या.

६. पहिल्या पदवीला शिष्यवृत्ती घेतली होती. आता पुन्हा मिळेल का?

त्याच पातळीच्या पदवीला बहुधा नाही. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत उदाहरणासकट लिहिलेलं आहे: बीए नंतर बीकॉम, किंवा एका विषयातलं एमए झाल्यावर दुसऱ्या विषयातलं एमए, याला शिष्यवृत्ती नाही. पहिल्या वेळी घेतली नव्हती म्हणून आता हक्क शिल्लक आहे असंही होत नाही, कारण अट ती पातळी उत्तीर्ण होण्याची आहे.

वरच्या पातळीला गेलात, म्हणजे बीए नंतर पहिल्यांदा एमए, तर दार उघडं असतं. एलएलबी आणि बीएडचं प्रकरण नाजूक आहे. पदवीनंतरचं शिक्षण म्हणून काहींना मिळते, पण एक व्यावसायिक पदवी आधीच झालेली असेल तर अर्ज नाकारला जाऊ शकतो. प्रवेश घेण्याआधी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात लेखी विचारा. कॉलेजातल्या क्लार्कच्या तोंडी शब्दावर तीन वर्षांचं गणित उभं करू नका.

राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत आणखी एक अट अनेकांना उशिरा कळते: एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना लाभ मिळतो. तुमच्या दोन भावंडांनी तो घेतला असेल तर तुमचा अर्ज तिथेच अडेल.

७. आई-वडील एक रुपया देत नाहीत. मग उत्पन्नाचा दाखला त्यांचाच का मागतात?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर ऐकून मुलं खचतात हेही पाहिलं आहे. सरकारी योजना "घरून मदत मिळते का" हे पाहतच नाहीत. त्या फक्त "कुटुंबाचं उत्पन्न किती" हे पाहतात. आई-वडिलांपैकी एक जरी हयात असेल तरी साधारणपणे त्यांचं उत्पन्न धरलं जातं, मग बोलणं असो वा नसो. आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्यासाठी कुटुंब म्हणजे तुम्ही, आई-वडील, १८ वर्षांखालची भावंडं, तुमचा जोडीदार आणि १८ वर्षांखालची मुलं. इतर मागासवर्गाच्या नॉन-क्रीमी लेयरसाठीसुद्धा आई-वडिलांची स्थितीच बघितली जाते. तुम्ही स्वतः काय कमावता याने तिथे फरक पडत नाही. नोकरी करून शिकणाऱ्यांना या शेवटच्या गोष्टीचा फायदाच होतो.

घरापासून तुटलेल्या विद्यार्थ्यांसाठी आपल्याकडे वेगळा प्रवर्ग नाही. अनाथांसाठी राज्यात २०१८ पासून एक टक्का आरक्षण आहे, पण ते महिला व बालविकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र असलेल्यांना. आई-वडील आहेत आणि तरी नाहीत, अशांची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही. ही व्यवस्थेतली खरीखुरी उणीव आहे आणि ती भरून निघायला हवी.

तोवर काय करायचं? आई-वडिलांचं उत्पन्न मुळात कमी असेल तर दाखला मिळवणं शक्य आहे. तलाठ्याच्या चौकशीत रेशनकार्ड, शेती असेल तर सातबारा, पगार असेल तर पगारपत्रक लागतं. घरातलं कोणी एक, आई, आजी, थोरली बहीण, एवढा कागद काढून देईल का ते बघा. पैसे मागण्यापेक्षा ही विनंती कितीतरी सोपी असते. आणि उत्पन्न मर्यादेच्या वर असेल, तर शिष्यवृत्तीचा नाद सोडून प्रश्न ३, ४ आणि १० वर सगळी ताकद लावा.

८. मी वेगळा राहतो. वेगळं रेशनकार्ड काढून फक्त माझ्या उत्पन्नाचा दाखला घेतला तर?

वेगळं रेशनकार्ड हे वेगळं राहण्याचा पुरावा आहे. योजनेच्या व्याख्येतलं कुटुंब त्याने बदलत नाही. योजना आई-वडिलांचं उत्पन्न मागत असताना ते लपवून दाखला घेतला, तर तो खोटा दाखला ठरतो: मिळालेली रक्कम वसूल होते आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो. सेतू केंद्राबाहेर "करून देतो" म्हणणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका.

९. मी विवाहित आहे. आता कोणाचं उत्पन्न धरतील? आणि मुलींना फी माफ आहे ना?

विवाहित आणि न कमावणाऱ्या विद्यार्थिनीच्या बाबतीत मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पतीचं उत्पन्न धरतात. क्रीमी लेयर मात्र लग्नानंतरही आई-वडिलांवरूनच ठरतो. कर्जाच्या बाबतीत लग्नाने मोठा फरक पडतो, तो पुढच्या उत्तरात आहे.

मुलींच्या फी माफीबद्दल गैरसमज फार आहेत. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागासवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांचा शंभर टक्के लाभ मिळतो. प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातला प्रवेश, वसतिगृह, मेस, विकास शुल्क यात धरलेलं नाही. दुसऱ्या पदवीला लागू होतं का, याचं उत्तर अभ्यासक्रम आणि तुमची आधीची पदवी यांवर ठरतं. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर त्या वर्षीची पात्रता वाचा आणि प्रश्न ६ मध्ये सांगितलं तसं लेखी विचारा.

१०. आई-वडिलांच्या सहीशिवाय शैक्षणिक कर्ज मिळतं का?

बँकेत तीन शब्द कानावर पडतात: तारण, जामीनदार, सहकर्जदार. हे तीन वेगळे आहेत आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. तारण म्हणजे घर, जमीन, ठेव. जामीनदार म्हणजे तुम्ही फेडलं नाही तर जबाबदारी घेणारा बाहेरचा माणूस. सहकर्जदार म्हणजे तुमच्याबरोबरीने कर्ज घेणारा. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत केंद्राच्या पतहमी निधीमुळे (कर्ज बुडालं तर बँकेला भरपाईची हमी देणारा निधी) साडेसात लाखांपर्यंत तारणही लागत नाही आणि त्रयस्थ जामीनदारही नाही. पण सहकर्जदार लागतो आणि तो साधारणपणे आई, वडील किंवा पालक असावा अशी अपेक्षा असते. "विनातारण, विनाजामीन" ही जाहिरात वाचून शाखेत गेलेला विद्यार्थी "वडिलांना घेऊन या" ऐकून परत येतो, तो यामुळे.

यातून चार वाटा निघतात. पहिली, विवाहितांसाठी: सहकर्जदार म्हणून जोडीदार किंवा सासू-सासरे चालतात. हे योजनेतच लिहिलेलं आहे, शाखेला माहीत नसेल तर दाखवा. दुसरी, फक्त आई: दोघांच्या सह्या हव्यात असा नियम नाही. वडिलांशी बोलणं बंद असलेल्या कितीतरी जणांचं काम आईच्या एका सहीने झालं आहे, जरी तिचं स्वतःचं उत्पन्न नव्हतं. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक भावी कमाई पाहते, म्हणून तिथे हे जास्त जमतं. तिसरी, नोकरी करणारा भाऊ, बहीण, मामा, काका. हे शाखेच्या मर्जीवर असतं. जिथे तुमचं पगार खातं आहे तिथे आधी विचारा. चौथी, तुम्हीच दोन-तीन वर्षं नोकरीत असाल तर मुदत ठेवीवर किंवा सोन्यावर छोटं कर्ज. त्याला कोणाचीच सही लागत नाही.

सहकर्जदार होणाऱ्याला सगळं स्पष्ट सांगा. हप्ता चुकला तर त्याचाही सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा, पडतो. मामा प्रेमाने सही करतात आणि पुढे त्यांचं गृहकर्ज अडतं, असं होऊ देऊ नका.

शाखेने नकार दिला तर तो लेखी मागा. आदर्श योजनेनुसार नकाराला वरच्या अधिकाऱ्याची संमती लागते. तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क ऑनलाइन तक्रार करता येते.

११. पीएम विद्यालक्ष्मी योजनेचा आम्हाला उपयोग आहे का?

कॉलेज यादीत असेल तर चांगला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली ही शैक्षणिक कर्जाची योजना देशातल्या निवडक उच्च शिक्षण संस्थांपुरती आहे (सुरुवातीला ८६०). तारण नाही, जामीनदार नाही, अर्ज ऑनलाइन. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या आणि सवलतीच्या काळात (शिक्षण संपल्यावर हप्ते सुरू होण्याआधीचा काळ) ३ टक्के व्याज सवलत मिळू शकते. ही सवलत वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरती आहे, आणि इतर शिष्यवृत्ती वा व्याज सवलत घेणाऱ्यांना नाही. इथेही "जामीनदार नाही" याचा अर्थ "सहकर्जदार नाही" असा धरून चालू नका. शाखेत आधी विचारून घ्या.

१२. पहिल्या पदवीचं कर्ज अजून फिटलेलं नाही. दुसरं मिळेल का?

मिळू शकतं. त्याच बँकेकडे पुढच्या शिक्षणासाठी वाढीव कर्ज मागता येतं. आदर्श योजनेत तशी तरतूद आहे, आणि जुन्या कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याचीही. अट एकच: जुनं खातं नियमित हवं. दोन-तीन हप्ते थकले असतील तर आधी ते भरा, स्कोअर सुधारायला काही महिने द्या, मग अर्ज करा. केवळ कमी सिबिल स्कोअर दाखवून शैक्षणिक कर्ज नाकारू नये, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं होतं. अर्जासोबत या निकालाचा उल्लेख करायला हरकत नाही, पण महाराष्ट्रातल्या शाखेवर तो बंधनकारक नाही.

१३. शिकत असताना व्याज भरावं, की नोकरी लागल्यावर एकदम?

जमेल तेवढं शिकतानाच भरा. एक उदाहरण पाहा. एलएलबीसाठी दरवर्षी एक लाख असं तीन लाखांचं कर्ज, व्याज १० टक्के सरळ, अभ्यासक्रमाची तीन वर्षं आणि वरचं एक वर्ष सवलतीचं. काहीच भरलं नाही तर हप्ते सुरू होताना ९० हजार व्याज चढून कर्ज ३ लाख ९० हजार झालेलं असतं. सात वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण ६,४७५ रुपये, एकूण सुमारे ५ लाख ४४ हजार.

तेच व्याज दरमहा भरत गेलात, पहिल्या वर्षी सुमारे ८३३, दुसऱ्या वर्षी १,६६७, पुढे २,५०० रुपये, तर हप्ता सुमारे ४,९८० वर राहतो आणि एकूण सुमारे ५ लाख ८ हजार जातात. साधारण ३५ हजार वाचतात. शिवाय शिकतानाच व्याज भरणाऱ्याला अनेक बँका व्याजदरात एक टक्का सवलत देतात, ती वरच्या हिशेबात धरलेलीच नाही. विद्यार्थिनींना बऱ्याच सरकारी बँकांत अर्धा टक्का कमी व्याज असतं. मंजुरीपत्रात ते दिसतंय का बघा.

१४. व्याज सरकार भरतं ती योजना दुसऱ्या पदवीला मिळते का?

केंद्राची व्याज अनुदान योजना (कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत) आयुष्यात एकदाच मिळते: पहिल्या पदवीला किंवा पदव्युत्तर शिक्षणाला. पहिल्या पदवीला घेतली नसेल आणि आता पदव्युत्तर करत असाल तर अर्ज करा. दुसऱ्यांदा पदवीच करत असाल तर नाही. राज्याच्या इतर मागासवर्गीय महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना वेगळी आहे, त्या प्रवर्गातल्यांनी जिल्हा कार्यालयात चौकशी करावी.

१५. मी नोकरी करतो आणि फी स्वतः भरतो. आयकरात सूट मिळेल का?

स्वतःच्या फीवर नाही. सगळे ज्याला ८०सी म्हणतात ती शिक्षण शुल्काची वजावट फक्त मुलांच्या फीसाठी आहे. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर मात्र, म्हणजे ज्याला ८०ई म्हणतात, वजावट मिळते आणि तिला रकमेची मर्यादा नाही. व्याज भरायला सुरुवात केली त्या वर्षापासून आठ वर्षांपर्यंत, आणि जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. कर्ज बँकेचं किंवा मान्यताप्राप्त वित्तसंस्थेचं हवं. मामांना दिलेल्या व्याजावर काही मिळत नाही.

१६. नातेवाइकाकडून किंवा मित्राकडून उसने घेतले तर?

घ्या, पण लिहून घ्या. रक्कम, परतीची तारीख, व्याज असेल तर दर, दोघांच्या सह्या. २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने उसनी घेणं आयकर कायद्याला चालत नाही, खात्यावरच घ्या. कोणी परत न मागण्याच्या बोलीवर देत असेल, तर मामा, काका, आत्या, मावशी, भावंडं यांच्या भेटीवर कर नाही. मित्रांकडून वर्षात मिळून ५० हजारांहून अधिक भेट मिळाली तर ती करपात्र उत्पन्न होते.

१७. क्लासवाल्यांनी किंवा कॉलेजने ऍपवरून "हप्त्याने फी" सुचवली आहे. घेऊ का?

आधी पाहा की कर्ज देणारी कंपनी रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे का आणि तिने खर्चाचा एकूण वार्षिक दर लिहिलेलं माहितीपत्रक दिलं आहे का. ते न देणाऱ्यांकडे फिरकू नका. "शून्य टक्के व्याज" असं सांगून प्रोसेसिंग फीमध्ये तेच वसूल केलं जातं. शिक्षण मध्येच सोडलं तरी हप्ते चालू राहतात, कारण करार कंपनीशी असतो, क्लासशी नाही. पदवी न देणाऱ्या खासगी क्लासच्या फीसाठी असं कर्ज घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

१८. 'कमवा आणि शिका' पदवीधरांनाही मिळते का?

तुम्ही विद्यापीठात किंवा संलग्न कॉलेजात नियमित विद्यार्थी असाल तर मिळू शकते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत रुजवलेली ही पद्धत आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि शिवाजी विद्यापीठासह अनेक ठिकाणी आहे. ग्रंथालय, कार्यालय, बाग, प्रयोगशाळा अशी कामं असतात आणि तासावर मानधन. त्यातून मेसचा बराचसा खर्च निघतो, फी निघत नाही. जागा थोड्या असतात, प्रवेश झाला त्याच आठवड्यात विद्यार्थी विकास विभागात अर्ज द्या. पालकांच्या उत्पन्नाचा कागद मागितला तर विभागप्रमुखांना खरी परिस्थिती सांगा. इथे माणसं माणसांचं ऐकतात.

१९. राहण्याचं काय?

शासकीय वसतिगृहं आणि स्वाधार, स्वयंम, सावित्रीबाई फुले आधार, पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता या राहण्या-जेवणाच्या खर्चाला मदत देणाऱ्या योजना आहेत, पण त्या उत्पन्नाच्या दाखल्याशी बांधलेल्या आहेत (प्रश्न ७). ते जमत नसेल तर पुण्यात कॉट बेसिस आणि मेस हाच अजूनही सगळ्यात स्वस्त मार्ग. संस्थांच्या वसतिगृहांना पत्र लिहून परिस्थिती मांडा. दुसऱ्या पदवीच्या विद्यार्थ्याला प्राधान्य कमी असतं, तरी रिकाम्या जागा ऑगस्टनंतर निघतात.

२०. प्रवेश घेतला आणि पैशाअभावी सोडावा लागला, तर फी परत मिळते का?

यूजीसीच्या २०१८ च्या नियमानुसार प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी सोडलं तर पूर्ण, शेवटच्या १५ दिवसांत सोडलं तर ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, १५ ते ३० दिवसांत ५० टक्के. त्यानंतर काही नाही. कॅपमधल्या प्रवेशांना सीईटी सेलचं (राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाचं) वेळापत्रक लागतं. कॉलेजला तुमची मूळ कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत आणि पुढच्या वर्षांची फी आगाऊ मागता येत नाही.

२१. कायद्याने वडिलांकडून शिक्षणाचा खर्च मागता येतो का?

सज्ञान मुलाला साधारणपणे नाही. अविवाहित मुलीला, ती स्वतःच्या कमाईवर किंवा मालमत्तेवर जगू शकत नसेल तर, हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ च्या कलम २० खाली येतो. त्या कायद्याच्या निर्वाहाच्या व्याख्येत शिक्षणाचा उल्लेख आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये अभिलाषा विरुद्ध प्रकाश प्रकरणात हा हक्क मान्य केला. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना मोफत वकील मिळतो. खटल्याला वेळ लागतो, म्हणून या वर्षीची फी त्याच्या भरवशावर ठेवू नका. पण जिचं घराशी नातं तुटलेलंच आहे तिने हा हक्क माहीत नसल्यामुळे सोडू नये.

२२. घरच्यांनी गुणपत्रिका आणि दाखले अडवून ठेवले आहेत. प्रवेश कसा घेऊ?

हे तुम्हाला वाटतं त्याहून जास्त जणांच्या वाट्याला येतं, विशेषतः मुलींच्या. डिजिलॉकरवर आधार आणि मोबाइल क्रमांकाने खातं उघडा. बोर्डाने आणि विद्यापीठाने तिथे जारी केलेली गुणपत्रिका कायद्याने मूळ प्रतीच्या बरोबरीची आहे. आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर आधी आधार केंद्रात जाऊन स्वतःचा क्रमांक जोडून घ्या. बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

जुन्या वर्षांच्या दहावी-बारावीच्या दुय्यम गुणपत्रिका विभागीय मंडळाकडून, पदवीच्या विद्यापीठाकडून मिळतात, अर्ज आणि शुल्क भरून. टीसीची दुय्यम प्रत शेवटच्या कॉलेजकडून. जात वैधता प्रमाणपत्राची दुय्यम प्रत समितीकडे मागता येते. यापैकी कशालाही आई-वडिलांची संमती लागत नाही. कामाला दोन-तीन महिने धरा, म्हणजे सीईटीचा अर्ज भराल त्याच आठवड्यात हे सुरू करा. कॉलेजला मुदतीत मूळ प्रत देता येणार नसेल तर प्राचार्यांना हमीपत्र देऊन तात्पुरता प्रवेश मागा, सोबत दुय्यम प्रतीसाठी केलेल्या अर्जाची पावती जोडा.